महर्षी अण्णासाहेब कर्वे : मुरूडच्या शाळेचा विद्यार्थी

महर्षी धोंडो केशव तथा अण्णासाहेब कर्वे यांचे नाव ज्या घरात ठाऊक नाही, असे घर आपल्या ज्ञातीत शोधूनही सापडणार नाही. त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, त्यांनी स्थापिलेल्या संस्था आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांच्या आज्या व माता त्या संस्थांतून शिकून बाहेर पडल्या आहेत. परंतु हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे बहुधा हिंगण्याचा आश्रम येतो, महिला विद्यापीठ येते, भारतरत्न ही पदवी येते आणि शंभरी ओलांडलेला एक कृश, प्रसन्न वृद्ध येतो. मुरूडच्या मराठी शाळेत बसणारा, चारचौघांत तोंड उघडण्यास कचरणारा धोंडू मात्र आपल्या फारसा परिचयाचा नसतो. वस्तुतः पुढचे अण्णासाहेब समजून घ्यावयाचे तर आरंभ त्या शाळेपासूनच केला पाहिजे.

ह्या स्मरणिकेच्या वाचकांत आज शाळेत जाणारी मुले-मुली आहेत, त्यांचे पालक आहेत, आणि सापगाव, शहापूर, मुरबाडकडील खेड्यांत शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून ज्यांनी पहिली अक्षरे गिरवली असे वडीलधारेही आहेत. ह्या सर्वांना आपापल्या शाळेची आठवण व्हावी, आणि विद्यार्थ्याचे कर्तव्य म्हणजे काय ह्याचा विचार घराघरांत व्हावा, ह्या हेतूने हे अल्पचरित्र सादर करीत आहो.

घर आणि माता

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली येथे, आजोळी झाला. कर्व्यांचे घराणे दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या मुरूड गावचे. एके काळी ह्या घराण्याने चांगले दिवस पाहिले होते. पूर्वजांची सावकारी थेट बडोद्याच्या गायकवाडांपर्यंत पोहोचली होती. परंतु वडील केशवपंत यांच्या वाट्यास त्यातले केवळ नाव उरले. ते परगावी एका जमीनदाराच्या इस्टेटीचा कारभार अल्प वेतनावर पाहत, आणि मुरूडास माता लक्ष्मीबाई मुलांना घेऊन काटकसरीने संसार चालवीत.

ह्या माउलीची एक गोष्ट अण्णासाहेब जन्मभर विसरले नाहीत. एकदा बडोदा दरबाराकडून ब्राह्मणांस प्रत्येकी १० रुपये दक्षिणा मिळणार असल्याची वार्ता आली. त्या घरास ही रक्कम लहान नव्हती. गावचे लोक निघाले, तेव्हा आपणही जावे असे मुलांना वाटणे स्वाभाविकच होते. परंतु लक्ष्मीबाईंनी त्यांना जाऊ दिले नाही. ज्या घराण्याने गायकवाडांस कर्ज दिले, त्या घराण्यातील मुलांनी त्याच गायकवाडांपुढे दक्षिणेसाठी हात पसरावा, हे त्यांच्या मनास पटणारे नव्हते. घरात अडचण असताना दारी आलेला पैसा नाकारणे सोपे नसते; पण मुलांना स्वाभिमानाचा पहिला धडा त्या दिवशी आईकडून मिळाला. पुढे ज्या पुरुषाने परोपकारी कार्यासाठी हजारो दारे ठोठावली, त्याने स्वतःसाठी मात्र कोणापुढे हात पसरला नाही, ह्याचे मूळ येथे आहे.

शाळा आणि सोमण गुरुजी

त्या काळी खेड्यातील मुलाचे शिक्षण प्रथम पंतोजींच्या शाळेत होई. धुळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, सकाळी मोडी वळवावयाची आणि सायंकाळी सर्वांनी मिळून पाढे म्हणावयाचे, असा तेथील क्रम असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी येथपर्यंत ज्याची मजल गेली तो मुलगा हिशेबाला तयार झाला असे मानीत. शाळेची झाडलोट, सारवण आणि पाणी भरणे ही कामे मुलांकडेच असत. मोठ्या मुलांनी धाकट्यांची उजळणी घ्यावयाची आणि त्यांची अक्षरे तपासावयाची, हाही नित्याचा परिपाठ होता. आजच्या पालकांस हा मुलांवरचा भार वाटेल; परंतु शाळा ही आपलीच वास्तू आहे, तिचे पावित्र्य आपण राखावयाचे आहे, ही भावना त्या कामांतूनच मुलांच्या अंगी मुरत असे.

मुरूडास पुढे सरकारी मराठी शाळा सुरू झाली, आणि धोंडूच्या भाग्याने त्यास तेथे विनायक लक्ष्मण सोमण हे गुरुजी लाभले. सोमण गुरुजींची दृष्टी शाळेच्या चार भिंतींत मावणारी नव्हती. गावाचे भले कशात आहे, ह्याचा ते अहोरात्र विचार करीत आणि त्या विचारात आपल्या विद्यार्थ्यांना सहभागी करून घेत. आपला विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण व्हावा हे प्रत्येक शिक्षकाला वाटते. तो गावाच्याही उपयोगी पडावा, आणि तोही मोठा झाल्यावर नव्हे तर विद्यार्थी असतानाच, ही सोमण गुरुजींची विशेष कल्पना होती.

त्या वेळी वर्तमानपत्र ही खेड्यात दुर्मिळ वस्तू होती. टपालाने एखादा अंक आला तरी तो वाचता येणारे थोडे, आणि जग काय म्हणते हे ऐकण्याची हौस असणारे पुष्कळ. मुरूडचे ग्रामदैवत श्रीदुर्गादेवी. देवीच्या देवळात गावकरी जमत, आणि गुरुजींच्या सांगण्यावरून धोंडू त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. हा मुलगा स्वभावतः अतिशय लाजाळू. चार माणसांपुढे बोलावयाचे म्हटले की त्याची जीभ अडखळे. ही भीड पुढेही कित्येक वर्षे त्यांना सोडून गेली नाही, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे नमूद केले आहे. अशा मुलावर गुरुजींनी वाचनाचे काम सोपवावे, ह्यात त्यांची पारख दिसते. ज्यास स्वतःचे बोलता येत नाही त्यास दुसऱ्याचे लिहिलेले मोठ्याने वाचता येते. आणि वाचता वाचता आपल्या आवाजाची त्याला ओळख होते.

ह्या वाचनाचा दुहेरी लाभ झाला. गावातील प्रौढ माणसांना घरबसल्या बाहेरच्या जगाची वार्ता कळू लागली, आणि वाचणाऱ्या मुलास उमगले की आपल्याला आलेले अक्षर आपल्या एकट्याचे नाही. ज्याला वाचता येत नाही अशा शेजाऱ्याचा त्यावर काही हक्क आहे. शाळेत शिकलेली विद्या संध्याकाळी देवळात गावाला परत द्यावयाची, असा हा व्यवहार होता. अण्णासाहेबांच्या शंभर वर्षांच्या आयुष्याचे बीज ह्या व्यवहारात आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

सोमण गुरुजींनी आणखीही एक उद्योग केला. गावकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करून त्यांनी एक दुकान चालू केले, आणि त्याच्या कामातही धोंडूला गुंतविले. ते दुकान पुढे टिकले नाही. परंतु सार्वजनिक पैशाचा हिशेब म्हणजे काय, दुसऱ्याची पै आपल्या हाती असताना किती जपून वागावे लागते, आणि चांगल्या हेतूचे कामही व्यवहार चुकल्यास कसे बुडते, हे तीनही धडे त्या वयात मिळाले. पुढे अण्णासाहेबांच्या संस्थांचे जमाखर्च चोख असत, आणि लहानात लहान देणगीचीही ते पोच देत. ह्या सवयीचा उगम पुण्यात शोधण्याचे कारण नाही, तो मुरूडातच सापडतो.

साताऱ्याची वाट

मराठी सहावी इयत्ता ही त्या काळी फार मोठी पायरी होती. ती परीक्षा उत्तीर्ण झालेल्या तरुणास मराठी शाळेत शिक्षकाची किंवा सरकारी कचेरीत कारकुनाची नोकरी मिळू शके. गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने हे भाग्यच होय. १८७५ साली धोंडूने ह्या परीक्षेस बसण्याचे ठरविले. वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत अशी अट होती, आणि ती त्याने पुरी केलेली होती. परीक्षेचे ठिकाण होते सातारा.

मुरूडहून सातारा सुमारे ११० मैल. मधे सह्याद्री आडवा. गाडी करावी अशी ऐपत नाही. तेव्हा सोबत्यांसह पायीच निघावयाचे ठरले. कोकणपट्टी ओलांडून, घाट चढून, रानावनांतून मजल दरमजल करीत ही मुले साताऱ्यास पोहोचली. आज मुंबई-नाशिक महामार्गावरून मोटारीने जाताना कसारा घाट काही मिनिटांत मागे पडतो. आपल्या शहापूर-मुरबाडकडील ज्या वृद्धांनी माळशेज किंवा नाणेघाट पायी चढला असेल, त्यांनाच ह्या चालीची खरी कल्पना येईल.

साताऱ्यास परीक्षामंडळापुढे धोंडू उभा राहिला. अंगाने किरकोळ, उंचीने लहान, चेहऱ्यावर बालपण. परीक्षकांना तो १७ वर्षांचा वाटेना, आणि वय कमी दिसते एवढ्याच कारणावरून त्यास परीक्षेस बसू देण्याचे नाकारण्यात आले. ११० मैलांची पायपीट, घरच्यांच्या आशा आणि वर्षभराचा अभ्यास हे सारे एका दृष्टिक्षेपात व्यर्थ ठरले. तेथे भांडण्याचे धैर्य त्या भिडस्त मुलाकडे नव्हते, आणि भांडून काही उपयोगही झाला नसता. तो परत आला आणि पुन्हा अभ्यासास लागला. पुढच्या वर्षी कोल्हापुरास जाऊन त्याने तीच परीक्षा दिली व ती तो उत्तीर्ण झाला.

आमच्या विद्यार्थी वाचकांनी ह्या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे. अन्याय झाला ह्यात शंका नाही. परंतु त्या अन्यायाचे निमित्त करून पुस्तक मिटून ठेवणे त्या मुलाने पत्करले नाही. त्याचबरोबर, दारापर्यंत चालत आलेल्यास परत फिरविले म्हणजे काय वाटते, हेही त्याला कायमचे समजले. पुढे शिक्षणाच्या दारावरून ज्यांना परत फिरविले जात असे अशांसाठीच त्यांनी आयुष्य वेचले.

रुपयामागे एक पैसा

ती परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर शिक्षक होऊन गावातच राहणे शक्य होते. परंतु इंग्रजी शिकण्याची ओढ स्वस्थ बसू देईना. वयाने आपल्याहून लहान असलेल्या मुलांबरोबर बसून अण्णासाहेबांनी इंग्रजीचा अभ्यास केला. मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली, म्हणजे २३ व्या वर्षी, ते मॅट्रिक झाले, आणि १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी. ए. झाले. ह्या काळात शिकवण्या करून ते आपला खर्च भागवीत. पहाटे उठून मुंबईच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पायी जावे, शिकवून परत यावे आणि मग स्वतःच्या अभ्यासास बसावे, असे ते दिवस गेले.

ह्या ओढगस्तीतही त्यांनी एक नेम केला होता. मिळालेल्या प्रत्येक रुपयातून एक पैसा धर्मकार्यासाठी बाजूस काढून ठेवावयाचा. त्या वेळी रुपयाचे ६४ पैसे होत. तेव्हा हा भाग फार मोठा नव्हे. पण तो श्रीमंतीची वाट पाहत थांबला नाही, ही त्यातील खरी गोष्ट आहे. आधी आपले भागू दे, मग समाजाचे पाहू, असा हिशेब त्यांनी कधी मांडला नाही. पुढे मुरूडच्या सार्वजनिक कामांसाठी त्यांनी मुरूड फंडाची योजना केली आणि गावातून शिकून बाहेर पडलेल्यांनी आपल्या मिळकतीचा काही अंश गावासाठी द्यावा, असा प्रयत्न केला. देवळातील वर्तमानपत्राचाच हा पुढचा अध्याय होय. ज्या गावाने शिकविले त्याचे ऋण फेडावयाचे, आणि ते नियमाने फेडावयाचे.

गावचे दार मिटले

१८९१ साल अण्णासाहेबांच्या आयुष्यात दुःखाचे आणि बदलाचे आले. पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या आग्रहावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक म्हणून रुजू झाले. पुन्हा विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. मुंबईतील त्यांचे बिऱ्हाडकरू स्नेही नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई बालपणीच विधवा झालेल्या होत्या आणि पंडिता रमाबाई यांच्या शारदा सदनात शिकत होत्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यास हा विवाह झाला. गोदूबाई त्या दिवसापासून आनंदीबाई झाल्या; सर्व परिवार पुढे त्यांना बाया म्हणू लागला.

त्यानंतर हे दांपत्य मुरूडास गेले, तेव्हा गावच्या ब्रह्मवृंदाने सभा भरवून बहिष्काराचे ठराव केले. सभेत कर्व्यांबरोबर एका बैठकीवर कोणी बसावयाचे नाही, आणि घरच्यांनी त्यांना थारा दिल्यास त्यांनाही वाळीत टाकावयाचे, असा त्यांचा आशय होता. वृद्ध माता आणि वडील बंधू यांच्यापुढे मोठेच संकट उभे राहिले. मुलास जवळ करावे तर गाव तुटते, गाव धरावे तर मुलगा अंतरतो. आपल्यामुळे घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून अण्णासाहेबांनीच दूर राहणे पत्करले.

ज्या सभेने हे ठराव केले तिच्यातील काही जणांनी वीस वर्षांपूर्वी दुर्गादेवीच्या देवळात त्याच धोंडूच्या तोंडून वर्तमानपत्र ऐकले असण्याचा संभव आहे. गावाने शिकविले, गावाने ऐकले आणि त्याच गावाने दार मिटले. हे ठराव परक्यांनी केलेले नव्हते, आपल्याच ज्ञातीने केलेले होते. ज्ञातीच्या स्मरणिकेत अण्णासाहेबांचे चरित्र छापताना हे पान वगळले असते तर चरित्र अधिक गोड वाटले असते, पण ते खरे राहिले नसते. आपल्या मुलांना आपण त्यांचा गौरव जसा सांगतो तसाच हा प्रसंगही सांगितला पाहिजे. थोर पुरुष आपल्या ज्ञातीत जन्मला ह्याचा अभिमान बाळगण्याचा अधिकार, त्याला आपण कसे वागविले हे मान्य केल्यावरच प्राप्त होतो.

अण्णासाहेबांची थोरवी येथे अधिकच उजळून दिसते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात त्यांनी मुरूडच्या आठवणी सांगितल्या आहेत. त्यात गुरुजींविषयी कृतज्ञता आहे, गावाविषयी माया आहे. सूड किंवा कडवटपणा कोठेही नाही.

हिंगण्यापासून विद्यापीठापर्यंत

पुढील कार्य सर्वश्रुत असल्यामुळे त्याचा येथे केवळ निर्देश करतो. १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे ६ एकर जमीन व ७५० रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम तेथील झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवावे आणि सायंकाळी सामान घेऊन, पावसाळ्यात चिखल तुडवीत, हिंगण्यास चालत जावे, असा अण्णासाहेबांचा क्रम कित्येक वर्षे चालला. साताऱ्याची वाट तुडविणारे पाय ह्या वाटेने थकले नाहीत.

आश्रमात येणाऱ्या तरुण विधवांपैकी अनेकींना अक्षरओळखही नसे. म्हणजे हा आश्रम आरंभी एक प्राथमिक शाळाच होता, केवळ तेथील विद्यार्थिनी वयाने मोठ्या होत्या. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले प्रौढ वयात शिकल्या, आश्रमाच्या आधारस्तंभ बनल्या आणि निधी जमविण्यासाठी त्यांनी परदेशाचाही प्रवास केला. १९१६ साली अवघ्या ५ विद्यार्थिनींनिशी महिला विद्यापीठाचा आरंभ झाला. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या स्मरणार्थ १५ लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठास स्थैर्य आले.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा पहिली इयत्ता

एवढे कार्य झाल्यावर कोणीही विश्रांती घेतली असती. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, अण्णासाहेब इंग्लंडला गेले आणि मॅल्व्हर्न येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेस उपस्थित राहिले. विद्यापीठाचा संस्थापक प्राथमिक शिक्षकांत जाऊन बसतो, ही गोष्ट लहान नाही. त्यांच्या मनात पहिली इयत्ता कायमच ताजी होती, हेच त्यावरून दिसते.

१९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळाची स्थापना केली. जिल्हा लोकल बोर्डांच्या शाळा त्या काळी सर्व खेड्यांत पोहोचलेल्या नव्हत्या. जेथे बोर्डाची शाळा नाही अशा लहान खेड्यांत शाळा काढावयाच्या, हे मंडळाचे काम. ह्यासाठी मोठ्या धनिकांची वाट न पाहता अण्णासाहेब स्वतः दारोदार फिरून आण्या-दोन आण्यांच्या वर्गण्या गोळा करीत. रुपयामागे एक पैसा काढून ठेवणारा मुंबईतील विद्यार्थी येथे पुन्हा भेटतो. फरक एवढाच की आता तो इतरांनाही तो पैसा काढावयास शिकवीत होता.

मंडळाचा दुसरा हेतू अधिक लक्षात घेण्यासारखा आहे. खेड्यातील शिकलेले प्रौढ पुढे वाचनाअभावी अक्षर विसरतात. त्यांची वाचनाची सवय टिकावी ह्यासाठीही मंडळ प्रयत्न करी. मुरूडच्या देवळातील ते सामुदायिक वाचन साठ वर्षांनंतर ह्या रूपाने पुन्हा अवतरले. सोमण गुरुजींनी लहानग्या धोंडूवर सोपविलेले काम म्हाताऱ्या अण्णासाहेबांनी खाली ठेवलेच नव्हते.

१९४४ साली त्यांनी समता संघ स्थापन केला. मनुष्यामनुष्यांतील उच्चनीच भाव जावा, हा त्याचा उद्देश. ज्यांना स्वतःच्या गावात एका बैठकीवर बसू दिले गेले नव्हते त्यांनी हा संघ काढावा, हे उचितच होते. १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न ह्या पदव्यांनी राष्ट्राने त्यांचा गौरव केला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षात असताना, हा ज्ञानयज्ञ करणारा पुरुष शांतपणे जगाचा निरोप घेऊन गेला.

आपल्या भागाकडे पाहताना

अण्णासाहेबांच्या नंतर खेड्यांतील शाळांची स्थिती पुष्कळ पालटली. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे जे कार्य केले ते ह्याच परंपरेतील होय. आदिवासी मुलांकडे घरची दोन कर्तव्ये असत. धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि गुरे राखणे. ती टाकून मुले शाळेत येणार नाहीत हे ओळखून त्यांनी अंगणात अंगणवाडी आणि कुरणात कुरणशाळा भरविली. मुलाच्या कर्तव्याचा अपमान न करता त्याला विद्या देता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

१ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला आहे. तरीही प्रश्न संपलेला नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि त्यांची मुले शाळेपासून दुरावतात. दुसरीकडे, आपल्यासारख्या कुटुंबांची मुले शहरांतील शाळांत गेल्यामुळे गावच्या मराठी शाळांचा पट घटत चालला आहे. २० पर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने २०२३ साली पुढे आणला, तेव्हा हा प्रश्न किती गंभीर आहे हे सर्वांस कळून चुकले. ज्या शाळेने आपल्या आजोबांना अक्षर दिले ती शाळा आज कोणत्या स्थितीत आहे, ह्याची चौकशी आपल्यापैकी कितीजण करतात, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

ज्ञातिसंघ विद्यार्थ्यांना पारितोषिके आणि शिष्यवृत्त्या देतो, हे योग्यच आहे. परंतु गुणवान विद्यार्थ्याचे कौतुक करताना त्याच्यावर काही कर्तव्यही सोपविले पाहिजे. सुटीत गावी गेलेल्या आपल्या मुलाने गावच्या शाळेतील मुलांना आठवड्यातून दोन दिवस वाचून दाखवावे. आपल्या मुलीने एखाद्या वीटभट्टीवरील मुलांची उजळणी घ्यावी. कमावत्या मंडळींनी रुपयामागे एक पैसा काढावा आणि तो ज्ञातीची मर्यादा न पाळता, सर्व जातींची मुले जेथे शिकतात अशा गावच्या शाळेसाठी द्यावा. आज पैसा व्यवहारातून गेला आहे, पण शंभर रुपयांमागे दीड रुपया हा हिशेब कोणालाही जमण्यासारखा आहे.

ज्या ज्ञातीने एकदा अण्णासाहेबांना आपल्या बैठकीवरून उठविले, तिने आज त्यांची तसबीर लावून थांबणे पुरेसे होणार नाही. त्यांचे ऋण फेडण्याची रीत त्यांनी स्वतः मुरूडच्या शाळेत असतानाच घालून दिली आहे. आपल्याला जे अक्षर आले ते शेजाऱ्यास वाचून दाखवावे, आणि ह्या कामाचा आरंभ मोठे होण्याची वाट न पाहता आजच करावा. ही सद्बुद्धी आपल्या सर्वांस लाभो, अशी प्रार्थना करून त्या पुण्यात्म्यास विनम्र अभिवादन करतो.